सरवा

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं. पुढे जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत मिशनच्या शाळा निघाल्या. आठवडाभर शाळा आणि रविवारी त्याच खोलीत उपासना, अशी बऱ्याच ठिकाणची रीत. नेवासे तालुक्यातल्या अशाच एका शाळेची ही गोष्ट.

बाजरीची सुगी उरकली आणि कापणीचा सण आला. मास्तरांनी मुलांना सांगितलं, "रविवारी येताना आपापल्या कष्टाचं काहीतरी आणा."

रविवारी मेजावर भोपळे, वांगी, अंडी मांडली गेली. पाय बांधलेली एक कोंबडी मेजाखाली फडफडत होती. एका बागायतदाराच्या मुलानं गड्याच्या डोक्यावर देऊन बाजरीचं पोतं आणलं. सगळ्यांत शेवटी एका मजुराची मुलगी आली. तिनं फडक्याची गाठ सोडली. आत मापटंभर बाजरी होती. दाणा न् दाणा निवडलेला, खडा नाही की काडी नाही.

"मास्तर, ही बाजरी आमच्या रानातली!" बागायतदाराचा मुलगा ओरडला. "चोरीचं धान्य देवाला चालतं का?"

"चोरी नाही केली. कापणीनंतर रानात पडलेला सरवा वेचला," मुलगी म्हणाली.

मुलगा वरमला, पण हटला नाही. पोत्यात हात घालून म्हणाला, "पाहिजे तर ही ओंजळभर घे आणि ती आमची आम्हाला परत कर."

मुलीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.

मास्तर म्हणाले, "मोशेचं नियमशास्त्र काय सांगतं? शेत कडेपर्यंत कापू नका, सरवा गोरगरिबांसाठी राहू द्या. म्हणजे रानात पडलेलं कणीस तुमचं राहिलंच नाही. आता सांग, बायबलातली रूथ सरवा वेचायला आली तेव्हा शेताच्या मालकानं, बवाजानं, गड्यांना काय सांगितलं?"

मुलाला धडा पाठ होता. "पेंढ्यांतली कणसं मुद्दाम टाकत जा, ती वेचील, तिला कुणी रागावू नका."

"एवढा मोठा शेतकरी तो. तिथंच बोलावून चारचौघांत तिच्या पदरात का नाही टाकली?"

मुलगा गप्प. मुलगीच हळूच म्हणाली, "मग तिला मिंधं वाटलं असतं. वेचलेलं तिच्या कष्टाचं झालं."

"आणि तुझ्या पोत्यात तुझ्या हातचं किती रे?" मास्तरांनी विचारलं. मुलगा पोत्याच्या तोंडाची सुतळी चाळवत उभा राहिला.

उपासनेनंतर मेजावरच्या जिनसांचा लिलाव झाला. मास्तरांनी पहिल्यांदा मापटंभर बाजरीच पुकारली.

पुढच्या सुगीला त्या मुलानं बापाच्या मागं लागून बांधाकडेच्या दोन ओळी खुडू दिल्या नाहीत. शाळेत त्यानं त्याचा कधी उच्चार केला नाही. मुलगी आईबरोबर आली, तिनं कणसं वेचली आणि घरी नेली. कुणाचे उपकार मानायचे हे तिला कळलंच नाही, आणि मुलालाही तेच हवं होतं.

तात्पर्य : द्यायचं तर असं द्यावं, की घेणाऱ्याची मान ताठ राहील.