पात्यांवरचा भार

शोरम, ससेक्स

चि. छोटीस,


एनसीसीच्या एअर विंगमध्ये ‘व्हायरस’ मायक्रोलाइटवर तुझी उड्डाणं सुरू झाली, हे वाचून फार आनंद झाला. पुढे तू लिहिलंस, “आजोबा, तुमचं जायरोप्लेन म्हणजे पंखांऐवजी पंखा लावलेलं विमानच ना? मग ते मला आठवड्यात जमेल.” यातला पहिला समज चुकीचा आहे आणि दुसरा धोक्याचा. म्हणून कालच्या उड्डाणाची हकिगत जरा सविस्तर लिहितो.

आधी यंत्र समजून घे. माझ्या जायरोचं इंजिन पाठीमागे आहे. ते मागचा छोटा पंखा फिरवून यंत्राला पुढे ढकलतं, बस. डोक्यावरच्या दोन लांब पात्यांशी हवेत त्याचा काही संबंध नसतो. पात्यांचं चक्र मागच्या बाजूला किंचित कललेलं असतं. पुढे जाताना हवा त्यातून खालून वर जाते, आणि जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी पाती आपोआप फिरत राहतात, मिनिटाला साडेतीनशे फेऱ्यांच्या आसपास. इंजिन बंद पडलं तरी ती थांबत नाहीत. यंत्र खाली येऊ लागतं आणि तीच हवा पाती फिरवत ठेवते. हेलिकॉप्टरशी गल्लत करू नकोस. तिथे इंजिनच पाती फिरवतं, इथे हवा.

काल नैऋत्येचा मंद वारा होता, ढग उंच होते. धावपट्टीवर इंजिनाचा जोर तेवढ्यापुरता पात्यांकडे वळवून त्यांना दोनशे फेऱ्यांपर्यंत आणलं. मग तो जोड सोडवला, दांडा पूर्ण मागे घेतला आणि धाव सुरू केली. इथे उतावळेपणा चालत नाही. पात्यांनी फेरे पकडण्याआधीच यंत्र वेगात धावलं, तर पाती फडफडून जमिनीवर किंवा शेपटीवर आदळतात. तुमच्या विमानात धावताना नजर वेगाच्या काट्यावर जाते. इथे आधी पात्यांच्या काट्यावर जायला हवी.

ब्रायटनचा जुना धक्का मागे टाकून पूर्वेला निघालो. पीसहेवनला ग्रिनिचची रेखावृत्तरेषा ओलांडली, म्हणजे पश्चिम गोलार्धातून पूर्व गोलार्धात आलो. न्यूहेवन, सीफर्ड गेलं की ‘सेव्हन सिस्टर्स’चे खडूचे पांढरेशुभ्र कडे सुरू होतात आणि बीची हेडला ते १६२ मीटर उंच होतात. अलीकडे बेल टूट नावाचं जुनं दीपगृह आहे. समुद्र कडा खात खात इतका जवळ आला, की १९९९ मध्ये ती अख्खी इमारत रुळांवरून सतराएक मीटर मागे सरकवावी लागली. उघड्या आसनातून हे सगळं पायाखाली दिसतं. मन हरखून जातं, पण डोळ्यांना तेवढंच काम नसतं. हजार फुटांवर इंजिन बंद पडलं तर तुझं व्हायरस तरंगत काही किलोमीटर जाईल. माझं जायरो जेमतेम एक. त्या बदल्यात त्याला उतरायला अंगणाएवढी सपाट जागा पुरते. ही जागा सतत हेरून ठेवायची. कड्याखालची पुळण भरतीला पाण्याखाली जाते, म्हणून निघण्याआधी मी हवामानाबरोबर भरती-ओहोटीचं कोष्टकही पाहतो. काल भरती होती, तेव्हा कड्यावरचं गवत टप्प्यात राहील असाच उडत होतो. नैऋत्येचा वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि यंत्राला अलगद उचलतो. वारा उत्तरेचा असता तर हीच हवा कड्यावरून खाली कोसळली असती, आणि मी तिथे गेलोच नसतो.

आता मुख्य गोष्ट. विमानाचं नाक वर जाऊन वेग घटला की दांडा पुढे करायचा, हे तुझ्या हातात घोटून बसवलं जात असेल. बसायलाच हवं. जायरोत मात्र दांड्याचा तोच झटका जीवघेणा ठरतो. झटक्याने पात्यांवरचा भार उतरतो, खालून येणारी हवा तुटते, फेरे घटतात, आणि ते हवेत इंजिनाने भरून काढता येत नाहीत. वर मागचा पंखा यंत्राला नाकावर उलथवू शकतो. म्हणून इथला धडा वेगळा आहे: इंजिनाचा जोर कमी कर, दांडा हळुवार मागे घे, पात्यांवर भार राहू दे.

सवयीची ही अडचण या यंत्राच्या जन्मदात्यालाही आली होती. हुआन दे ला सिएर्वा या स्पॅनिश अभियंत्याचं तीन इंजिनांचं विमान १९१९ मध्ये जमिनीजवळ वेग गमावून कोसळलं. असं कोसळणार नाही ते यंत्र बनवायचं त्याने मनावर घेतलं. पहिल्या ऑटोजायरोंना त्याने विमानाच्या पंखांसारखी ताठ पाती लावली. पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. त्यामुळे ती यंत्रं कुशीवर कलंडत. त्याचं छोटं मॉडेल मात्र नीट उडे, कारण त्याची पाती वेताची होती, लवत होती. मग त्याने पात्यांच्या मुळाशी बिजागऱ्या बसवल्या. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ त्याचं यंत्र उडालं आणि १९२८ मध्ये तो स्वतः ऑटोजायरोने इंग्लिश खाडी ओलांडून गेला.

परतताना मी किनारा सोडून टेकड्यांवरून आलो. तिथे जागोजाग गवताळ माळ असल्याने डोळ्यांना थोडी सवड मिळते. ब्रायटनच्या उत्तरेला हिरवळीवर पांढरी संगमरवरी छत्री दिसते. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांवर तिथे अंत्यसंस्कार झाले. १९२१ मध्ये हे स्मारक उघडलं. तू गणवेश घालतेस, म्हणून मुद्दाम सांगितलं. कधी आलीस तर तिथे पायी जाऊ.

जायरो जरूर शीक, पण आधी व्हायरस पक्कं कर. इथे जायरोचा परवानाही वेगळा काढावा लागतो, ते उगाच नाही. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकाला सांग की तुला विमान उडवता येतं. फुशारकी म्हणून नव्हे; तुझ्या हाताच्या कोणत्या सवयी आधी सोडवायच्या, हे त्याला कळावं म्हणून. आणि त्यासाठी आठवडा पुरणार नाही, हे आत्ताच धरून चाल.

तुझा,
आजोबा