वाचता येतं ना?

मेल येत नाही म्हणून पुन्हा पासवर्ड बदललास? त्या पासवर्डने तुझं काय घोडं मारलंय? सर्व्हरपर्यंत पोचलाच नाहीस, तर पासवर्ड तपासणार कोण? कनेक्शन टाइम-आउट झालं, असं थंडरबर्डने तोंडावर सांगितलं. तू न वाचताच खिडकी बंद केलीस. एरवी चार पानी मॅन्युअल पाठ म्हणून दाखवतोस, आणि एक ओळ वाचवत नाही?

‘पण ब्राउझर चालतो की!’ चालणारच. ऑफिसचा प्रॉक्सी एचटीटीपीचा, वेबसाठी बसवलेला. मेल आयमॅपने येते ९९३ पोर्टवर, एसएमटीपीने जाते ५८७ किंवा ४६५ वर. थंडरबर्ड ही वाहतूक एचटीटीपी प्रॉक्सीतून नेतच नाही. थेट जायला बघतं आणि फायरवॉलवर आपटतं. ‘पण लॉगिनचं पान उघडलं!’ अरे, ते वेबपेजच होतं. मेलला सॉक्स प्रॉक्सी लागतो. सॉक्स ५ चं मानक १९९६ सालचं आहे. अजून किती वर्षं थांबणार आहेस?

सॉक्स होस्टच्या रकान्यात वेब प्रॉक्सीचाच पत्ता चिकटवायचा, ही अक्कल कोणाची? नावं सॉक्समधूनच शोधायची खूण, म्हणजे डीएनएसची, कोरी का सोडलीस? आणि ऑफिसातल्या आतल्या मेल सर्व्हरला प्रॉक्सीतून वगळायचं कोणी?

हे सगळं एकवेळ चालेल. पण नेटवरून फुकटचा प्रॉक्सी उचललास! सर्टिफिकेट जुळत नाही म्हणून इशारा आला, तर अपवाद मंजूर करून मोकळा झालास! टीएलएस असताना मधला माणूस पासवर्ड वाचू शकत नाही. तू स्वतः चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यास. तो अपवाद आधी काढून टाक. आता मात्र पासवर्ड खरोखरच बदल, आणि तोही त्या प्रॉक्सीतून नव्हे.

कळत नसतं तर शेजारी बसून शिकवलं असतं. तुला कळतं, पण विचारायला लाज वाटते. नेटवर्क सांभाळणाऱ्याला तीनच प्रश्न विचारायचे होते: सॉक्स आहे का, होस्ट कोणता, पोर्ट कोणता? नसेल, तर ९९३ आणि ५८७ उघडून मागायचे. ते सोडून आठवडाभर अंदाजपंचे बटणं दाबत बसलास. याला मेहनत म्हणत नाहीत, आळस म्हणतात. ऊठ, जाऊन विचार.