सुचवलेली ओळ आणि कर्ता

अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ज्या गीतेवर ‘गीतार्णव’ रचला, तिच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, दैव. कोड सुचवणारा एआय सहायक यांतले करण, म्हणजे साधन आहे, कर्ता नव्हे. समजा, बीडच्या ऊसतोड मजूर जोडप्यांच्या टनावरच्या मजुरीच्या हिशेबाचा प्रोग्राम आहे. सहायकाने टनांचे अपूर्णांक गाळणारी ओळ सुचवली, प्रोग्रामरने टॅब दाबून ती घेतली आणि दर खेपेला जोडप्याची मजुरी घटली. कोणी म्हणेल, ऊस तोडणारा कोयता काही सुचवत नाही, हे यंत्र सुचवते; मग दोष दोघांत वाटावा. आक्षेप हलका नाही. पण स्वीकार माणसाचा आहे, आणि बुडालेल्या मजुरीचा जाब यंत्राला विचारता येत नाही. न वाचता ओळ घेणे मला आळस नव्हे, अधर्म वाटतो. साडेतीन टनांची एक चाचणी पावती घालून पाहिली असती, तर चूक तिथेच दिसली असती.