कडेची माणसे

चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचे घर म्हणजे पाखरांचा मेळा. घरधनी चिमण, घरधनीण काऊ, आणि पोरे मोरू, मैना नि राघू. या घरट्यात ऊठबस असलेला एकच माणूस असा, की ज्याच्या नावाला पंख फुटलेले नाहीत. तो म्हणजे गुंड्याभाऊ. त्याला पंखांऐवजी सोटा मिळाला आहे. चिमणरावांची एकही फजिती त्याच्यावाचून पुरी होत नाही. पण पुस्तकाच्या पाठीवर नाव पाहावे तर 'चिमणरावांचे चऱ्हाट'. गुंड्याभाऊंचे चऱ्हाट कुणी वळले नाही.

यात काही अन्याय आहे असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते. विनोदी लेखनाची रीतच तशी आहे. मुख्य माणसाला घर, नोकरी, काळज्या आणि मधूनमधून थोडे शहाणपणही द्यायचे. त्याच्या भोवतालच्या मंडळींना मात्र एकेक खोड देऊन मोकळे व्हायचे. एकाला सोटा, दुसऱ्याला पत्रिका, तिसऱ्याला गाण्याची हौस. मंडळी आली की ती खोड दिसते, आपण हसतो, आणि मंडळी जातात. कुठे जातात? हा प्रश्न मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी पडला आणि तोही पुस्तक वाचून नव्हे, स्वतःच्या हातून घडलेल्या एका गोष्टीमुळे पडला.

मी चिंचोटीला राहतो. मुंबई-अहमदाबाद हमरस्त्याला भिवंडीकडचा रस्ता जिथे मिळतो, तो हा वसईजवळचा गाव. पाठीशी तुंगारेश्वरचे डोंगर, आणि त्या रानात आमचा प्रसिद्ध धबधबा. प्रसिद्ध म्हणजे नको तितका. पहिला पाऊस पडून गेला, की रविवारी सकाळपासून मोटारसायकलींची रांग लागते. पाणी दिसायला देखणे, पण खाली डोह आहेत आणि वर पाऊस झाला की लोंढा केव्हा येईल याचा नेम नसतो. माणसे बुडतात, बातम्या येतात, बंदीचे हुकूम निघतात, फलक लागतात. फलक वाचण्यासाठी मात्र कोणी मोटारसायकल थांबवीत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त एस. टी. कंडक्टर राहतात. नाव लिहीत नाही. गावातही त्यांचे नाव फारसे कुणी घेत नाही. पोरे त्यांना 'डबल बेल' म्हणतात. त्याचे कारण असे, की पावसाळ्यातल्या रविवारी हे गृहस्थ छत्री घेऊन रानाकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी उभे राहत आणि येणाऱ्या प्रत्येक टोळीला अडवीत. "पुढे जागा नाही! मागच्या गाडीने या!" असे खणखणीत ओरडत. एखादी टोळी हसत का होईना पण मागे वळली, की छत्रीची मूठ विजेच्या खांबावर दोनदा आपटून म्हणत, "डबल बेल! जाऊ द्या!" त्यांना हा अधिकार कुणी दिला नव्हता. पगार तर नव्हताच. काही पोरे उलट बोलत, काही त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत आणि बाजूने निघून जात. पण दहातली एखादी टोळी परत फिरे, आणि फिरे ती बहुधा हसूनच.

मला नकला करण्याचा नाद आहे. गेल्या वर्षी गणपतीत, विविध गुणदर्शनाच्या रात्री, मी 'डबल बेल'ची नक्कल केली. छत्री, खांबाऐवजी माइकची दांडी, तो आवाज, ती मान उंचावण्याची लकब. मंडप हसून लोटपोट झाला. तिसऱ्या रांगेत काका स्वतः बसले होते, आणि तेही हसत होते. मी त्यांच्या हसण्याला परवानगी समजलो. नकलाकाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते, असेही मनात येऊन गेले.

पुढच्या रविवारी काका वाटेवर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. यंदा जून आला, पहिला पाऊस पडला, मोटारसायकली सुरू झाल्या. वाटेच्या तोंडाशी खांब तेवढा उभा.

तुम्ही म्हणाल, यात तुमचा काय दोष? वय झाले असेल, गुडघे दुखत असतील. मीही महिनाभर स्वतःला हेच सांगत होतो. आणि मन रमवायला म्हणून चिमणराव पुन्हा वाचायला घेतला, तर नेमका गुंड्याभाऊ आडवा आला. सोटा बाजूला ठेवून, एकटाच, काही न बोलता बसलेला गुंड्याभाऊ आपण कधी पाहिला आहे काय? मला तरी आठवत नाही. आता कागदावरच्या गुंड्याभाऊचे यात काही जात नाही. त्याला सोट्यापलीकडे काही नसेल तर हरकत नाही, कारण पुस्तक मिटल्यावर त्याला घरी जायचे नसते. जिवंत माणसाची गोष्ट तशी नाही. मंडप उठल्यावर काकांना चालत घरी जायचे होते, आणि सकाळी उठून पुन्हा तेच काका व्हायचे होते.

जोशींना हे कळत नसेल असे मला वाटत नाही. ते बडोद्याला पाली शिकवीत, बौद्ध वाङ्मयाचे जाणकार होते. जातककथांत मुंगूस काय नि माकड काय, प्रत्येकाच्या मागे एक जन्म असतो. गुंड्याभाऊला त्यांनी चिमणरावांच्या बरोबरीचे ठेवले ही त्यांची माया. पण आपण वाचक काय करतो पाहा. १९४० साली 'लग्न पहावे करून' हा बोलपट निघाला; दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे १९७७ साली मुंबई दूरदर्शनवर चिमणरावांची मालिका सुरू झाली, तेव्हा दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कर्व्यांनी त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी भूमिका केल्या. पण २०२५ च्या ऑगस्टात ते गेले, तेव्हा आपण सर्वांनी "गुंड्याभाऊ गेले" असेच म्हटले. प्रेमानेच म्हटले. प्रेमानेदेखील माणूस एका सोट्यात कोंबता येतो, हे मला त्या दिवशी उमगायला हवे होते.

जुन्यांनी याचा विचार केलेला दिसतो. शूद्रकाच्या मृच्छकटिकातला मैत्रेय आठवा. विदूषकच तो, खाणे, भिणे आणि कुरकुरणे हा त्याचा धंदा. पण चारुदत्ताची श्रीमंती गेल्यावर बाकीचे मित्र पांगले आणि हा राहिला. वसंतसेनेचे दागिने परत करायला निघालेला मैत्रेय मित्रावरचा आळ ऐकून न्यायसभेत धावतो, शकाराशी हमरीतुमरीवर येतो, आणि त्या झटापटीत काखेतले दागिने सर्वांदेखत खाली पडतात. तोच पुरावा होतो, आणि चारुदत्ताला देहान्ताची शिक्षा. एरवी काखेतून गाठोडे निसटणे हा विदूषकाचा हुकमी विनोद. इथे त्याच विनोदाने मित्राचा गळा फासापाशी नेला. पुढे चारुदत्ताच्या पोराचे बोट धरून वधस्थानाच्या वाटेवर येतो तो हाच मैत्रेय. खाण्यापिण्याच्या थट्टेत ज्याला आपण चार अंक हसलो, त्याच्याकडे त्या वेळी पाहवत नाही.

आणि पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ'! १९५८ साली पुस्तक आले, आणि १९६१ पासून पु. ल. रंगमंचावर एकटेच ती सबंध चाळ उभी करू लागले. त्या चाळीत नायक शोधून सापडत नाही. सोकरजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे, एच्च. मंगेशराव, राघूनाना, सगळी कडेचीच माणसे. हसवून हसवून पुरेवाट केल्यावर शेवटी ते चिंतन येते, आणि ज्यांच्या खोडींवर आपण तासभर हसलो त्यांच्या खोल्यांतला अंधार अचानक दिसू लागतो. लहानपणी मला तो भाग कंटाळवाणा वाटे. घरातली वडीलधारी मंडळी तिथे गप्प का होतात हे कळत नसे.

असो. पुस्तकांमागे किती दिवस लपणार? एका संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. काकूंनी चहा ठेवला. मी आडवळणाने सुरुवात केली, ती मलाच ऐकवेना, म्हणून सरळ विचारले.

"काका, माझ्या नकलेचा राग आला होता का?"

"छे हो. राग कसला? झकास केलीत." मग थोडे थांबून म्हणाले, "फक्त एक चुकलात. तुम्ही छत्री उजव्या हातात धरलीत. मी डाव्या हातात धरतो."

"डाव्या?"

"उजवा खांदा कामातून गेलाय. तिकिटांची पेटी, पैशांची पिशवी, सगळं याच खांद्याला. एकतीस वर्षं. हात वर जात नाही आता."

मी त्यांना निदान शंभर वेळा छत्री आपटताना पाहिले होते. आरशासमोर उभा राहून आठवडाभर तालीम केली होती. आवाज उचलला, मान उचलली, आणि छत्री कोणत्या हातात आहे हे काही पाहिले नाही. नक्कल म्हणजे बारकाईने पाहणे, असे मी सर्वांना सांगत आलो आहे.

"मग वाटेवर उभं राहणं का सोडलंत?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "तसं काही नाही. एकदा गेलो होतो. तोंड उघडलं, तर मला तुमचाच आवाज ऐकू यायला लागला. मग ओरडता येईना."

काकू आतून म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या रात्री घरी येऊनसुद्धा हसत होते हे. मी तर म्हणते, यंदाही करा."

दोघांपैकी कुणाचे खरे मानावे हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन्ही खरी असतील, आणि माझी अडचण तिथेच आहे. माझे हसवणे वाईट होते म्हणावे, तर काकूंनी पुष्कळ दिवसांनी घरात हसणे ऐकले ते माझ्यामुळेच. चांगले होते म्हणावे, तर त्या वाटेवरून परत फिरणारी ती दहातली एक टोळी आता सरळ पुढे जाते. हा हिशेब मांडायला मी अनेकदा बसलो. रकाने जुळत नाहीत.

यंदाच्या गणपतीत मी पुन्हा नक्कल केली. काकांना आधी विचारून केली. छत्री डाव्या हातात धरली आणि उजवा खांदा किंचित पाडला. मंडप गेल्या वर्षीपेक्षा कमी हसला. तिसऱ्या रांगेतून मात्र ऐकू आले, "आत्ता बरोबर!"

काका अजून वाटेवर जात नाहीत. दोन रविवार मी जाऊन पाहिले. मोटारसायकली आल्या, मी छत्री वर केली, आणि "पुढे जागा नाही" हे शब्द घशाशी आणले. मंडपात तो आवाज मला सहज लागतो. तिथे लागला नाही. पोरे हात हलवून पुढे गेली.