गेलेल्यांचं मत

लोहारा तालुक्यातल्या तेरणेवरच्या धरणाला सगळे माकणीचं धरण म्हणतात. धरण आहे, तरी या पट्ट्यातला माणूस पोटासाठी पुण्या-मुंबईला जातो, नाहीतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतो. विमानात बसणारा विरळाच. म्हणून परदेशी स्थलांतराशी आपला संबंध काय, असं माकणीकराला वाटेल. पण संबंध जुना आहे.

1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये परतून बडोद्यात नोकरीला लागले, तर राहायला खोली मिळेना आणि कचेरीतले शिपाई कागद लांबून टेबलावर टाकत. परदेशाने त्यांना जातीची चीड दिली, असं मी म्हणणार नाही. ती साताऱ्याच्या शाळेतच मिळाली होती. परदेशाने तुलना दिली. जिथे कुणी जात विचारत नाही तिथे वर्षानुवर्षं वावरलेल्या माणसाला 'हे असंच चालायचं' हे पटवता येत नाही. हेच आंबेडकर 1941 मध्ये आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळ्याला आले, महार-मांग वतनदार परिषदेसाठी. तुकडाभर इनामाच्या बदल्यात पिढ्यान्पिढ्या गावकीची वेठ, हा वतनाचा व्यवहार त्यांनी मोडीत काढायला घेतला होता.

मात्र सीमा ओलांडली की माणूस सुधारतो, हा भाबडेपणा झाला. सामानासोबत जातही जाते. फेब्रुवारी 2023 मध्ये सिएटलच्या नगर परिषदेने जातीभेदाला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही त्याच वर्षी तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी ते नाकारलं. दोन्हीकडे बाजूने आणि विरोधात झुंजणाऱ्यांत आपलीच माणसं होती, बहुतेक उच्चशिक्षित. (शिक्षणाने जात जाते म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

गेलेला माणूस असा दोन्हीकडचं राजकारण हलवतो, आणि आपली निवडणूक मात्र त्याला मोजत नाही. परदेशस्थ भारतीय नागरिकाला 2011 पासून गावच्या मतदार यादीत नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला बूथवर स्वतः यावं लागतं. कोयत्यावर गेलेल्या जोडप्याचीही तीच गत. 2024 च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं, गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला असताना. उचल घेऊन फडावर गेलेल्याने मतासाठी मजुरी बुडवायची, की मुकादमाने गाडी करून आणलं तर त्याच्या उपकाराखाली बटण दाबायचं?

टपाली मतदानाची चर्चा होते ती परदेशातल्यांसाठी. त्यांना ते जरूर द्यावं; पण आधी फडावर मतपेटी पोचवा.