धुळे किती अक्षरांचे?

‘धुळे’ हा शब्द किती अक्षरांचा, असे पहिलीतल्या मुलाला विचारले तर ते म्हणेल, दोन. पायथॉन सांगते 4. रस्टला लांबी विचारली तर 12. प्रत्येकाचे उत्तर आपल्या जागी बरोबर आहे. रस्ट बाइट मोजते, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. पायथॉन ध, उकार, ळ आणि मात्रा ही चार चिन्हे मोजते. मूल अक्षरे मोजते. जळगावचे हेच आकडे 4, 5 आणि 15.

रस्ट शिकताना मी एक छोटे साधन लिहायला घेतले: गिटमधल्या नोंदींची पहिली ओळ 50 बाइटवर छाटून यादी दाखवणारे. भाषा शिकायची तर तिच्यात काहीतरी उपयोगाचे बनवावे, हे मला मनापासून पटते. पण शिकणाऱ्याचे अज्ञान दुहेरी असते. साधन चुकले तर खोट आपल्या विचारात आहे की भाषा नीट न कळण्यात, हे त्याला उमगत नाही. शिवाय चाचण्याही तोच लिहितो. ज्या गैरसमजातून कोड उतरला त्याच गैरसमजातून चाचणी उतरते, आणि दोघांचे छान जमते. माझ्या सगळ्या चाचण्या इंग्रजी ओळींच्या होत्या, सगळ्या पास झाल्या. पहिली मराठी ओळ दिली तेव्हा कात्री एका चिन्हाच्या मधोमध पडली आणि रस्टने प्रोग्राम तिथेच बंद पाडला.

बाइट सोडून चिन्हे मोजून छाटावे, तर ‘धुळे’ तिसऱ्या चिन्हावर तुटते, मात्रा गळते आणि ‘धुळ’ उरते. प्रोग्राम थांबत नाही, कोणी तक्रार करत नाही. ही चूक मला पहिलीहून गंभीर वाटते.

रस्टच्या अधिकृत पाठ्यपुस्तकात याच मुद्द्यासाठी ‘नमस्ते’ हा शब्द घेतला आहे: 18 बाइट, 6 चिन्हे, 4 अक्षरे. त्यात ‘स्’ वेगळा आणि ‘ते’ वेगळे. आपण न, म, स्ते असे तीन मोजतो. युनिकोडच्या 2023 मधल्या 15.1 आवृत्तीत जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला, आणि त्या नियमाने उत्तर 3 झाले. म्हणजे जुन्या नियमावर पास झालेली चाचणी नव्यावर नापास होते. खरे उत्तर कोणते, हे ठरवायला रस्टचा जाणकार पुरत नाही. मराठी येणारा माणूस लागतो.

‘शेतकऱ्याला’ हा शब्द घ्या. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकदा नुक्त्याच्या ‘ऱ’ने, एकदा साध्या ‘र’ला हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. केळी उत्पादकांच्या यादीत शोध घेताना निम्मी माणसे सापडली नाहीत तर कारण इतके बारीक असू शकते. या दोन रूपांची चाचणी परदेशातल्या साधनकर्त्याला सुचणे कठीण आहे. तो ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत घोटाळा करत वाढलेला नसतो.

इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर गावोगावचे दप्तर धुंडाळत फिरले. 1926 मध्ये धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. अस्सल कागद समोर असल्याशिवाय विधान करायचे नाही, ही त्यांची शिस्त होती. साधन पारखतानाही हेच हवे: आपल्या सोयीसाठी रचलेली ओळ नको, लोकांनी खरोखर लिहिलेली हवी. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या बोलीतले शब्द किंवा अहिराणीतला मजकूर शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला द्या, आणि ते किती शब्दांखाली लाल रेघ ओढते ते पाहा.

जळगाव-धुळ्याकडच्या विद्यार्थ्यांनो, रस्ट पूर्ण येईपर्यंत थांबू नका. वापरात असलेले एक ओपन सोर्स साधन घ्या, त्याला आपल्या घरात बोलली जाणारी ओळ द्या. चुकले तर ती ओळ, अपेक्षित उत्तर, मिळालेले उत्तर आणि आवृत्तीचा क्रमांक त्याच्या कर्त्याला कळवा. जमले तर त्याच ओळीची चाचणी लिहून पाठवा.