चहाडी आणि सांगणे

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपले जुने लोक म्हणत. म्हणत ते बहुधा वाईट संगतीविषयी. पण प्राथमिक शाळेच्या वर्गात पाहिले तर चांगले-वाईट दोन्ही गुण शेजारच्याकडूनच लागतात. बाई फळ्यावर हातच्याची बेरीज शिकवतात, पण पुष्कळदा ती कळते शेजारच्या मैत्रिणीने आपल्या शब्दांत पुन्हा सांगितल्यावर.

ही गोष्ट नवी नाही. अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने १७८९ पासून मद्रासला, एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत, मुलांकडूनच मुलांना शिकवण्याचा प्रयोग केला. वाळूत अक्षरे गिरवण्याची रीत त्याने इथल्या गावशाळेत पाहिली होती. पुढे ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडात पसरली. मग १९९९ साली सुगाता मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीच्या झोपडपट्टीलगतच्या भिंतीत एक संगणक बसवला. शिकवायला कोणी नव्हते. मुले एकमेकांचे पाहून तो चालवू लागली. मला त्यात एक साधी गोष्ट मोलाची वाटते. तो पडदा उघड्यावर होता. एकाला जे दिसे, ते दहाजणांना दिसे.

कुवेतमध्ये मी नर्स म्हणून नोकरी केली. तिथे हा पडदा आता मुलाच्या खोलीत गेला आहे. २०१६ च्या जुलैत तिथल्या मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा उन्हाळ्यात मुलांनी खेळायला जायचे कुठे? सालमियाच्या किंवा अब्बासियाच्या फ्लॅटमध्ये आईवडील दोघेही ड्यूटीवर, आजी-आजोबा दूर गावी, आणि मूल टॅबलेटपाशी. मार्च २०२० पासून कोरोनामुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा सुमारे दीड वर्ष वर्गही त्याच पडद्यावर भरला. तिथेही मुले एकमेकांना शिकवतच होती. गृहपाठ कसा पाठवायचा, आवाज कसा बंद करायचा, नवा खेळ कसा उतरवून घ्यायचा, हे आईच्या आधी मैत्रिणीला ठाऊक असते.

म्हणूनच संकटही आधी मैत्रिणीलाच कळते. खेळाच्या निमित्ताने कोणी अनोळखी माणूस ओळख काढतो, गोड बोलतो, फोटो मागतो आणि मग धमकावतो, "घरी सांगितलेस तर बघ." मूल घरी सांगत नाही. कधी मैत्रिणीच्या कानात सांगते, आणि वर शपथ घालते. आता त्या आठ-नऊ वर्षांच्या मैत्रिणीने काय करावे? चहाडी करू नये, हे तर आपणच तिला शिकवले आहे.

आपल्या तोरात, वायिक्राच्या १९ व्या अध्यायात, चहाड्या करीत फिरण्याची मनाई आहे. पण त्याच १६ व्या वचनात, शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहण्याचीही मनाई आहे. दोन्ही आज्ञा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, यात मला मोठे शहाणपण दिसते. एकीच्या आड दुसरी लपवता येत नाही. दुसऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून बोलणे ही चहाडी. दुसरा वाचावा म्हणून बोलणे हे सांगणे. एवढा फरक लहान मुलालाही कळतो, मात्र तो कोणीतरी समजावून द्यावा लागतो.

कोणी विचारील, मग दिलेल्या शब्दाचे काय? विश्वास मोडायला मुलांना शिकवायचे काय? शंका रास्त आहे. वॉर्डात पेशंट कधी म्हणतो, "सिस्टर, छातीत दुखतंय, पण डॉक्टरांना सांगू नका." नर्सने ते सांगायलाच हवे. पण त्याच्या पाठीमागे नव्हे. "मी सांगणार आहे, आणि तुमच्याजवळच थांबणार आहे," असे आधी त्यालाच म्हणावे. मुलांनाही हेच शिकवावे. "चल, आपण दोघी मिळून सांगू." मैत्रीण नाहीच आली, तर तिला तसे सांगून एकटीने जावे. मैत्रीण चार दिवस रुसेल. तेवढा रुसवा सोसण्याजोगा आहे.

परंतु खरे ओझे मुलांवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. सांगणाऱ्या मुलाच्या पदरात काय पडते? बहुतेक घरांत टॅबलेट हिसकावला जातो, ओरडा बसतो, आणि "लोक काय म्हणतील" हे ऐकावे लागते. मग पुढच्या वेळी ते कशाला सांगेल? परमुलखात तर इकाम्याची, नोकरीची धास्ती असते; कशाला लफडे, गप्प बस, असे आपण म्हणतो. वास्तविक कुवेतमध्येही २०१५ चा ६३ क्रमांकाचा कायदा इंटरनेटवरून धमकावून काही उकळणे हा गुन्हा मानतो. मुलांच्या हक्कांचाही कायदा त्याच वर्षी झाला. पण मूल कायद्याच्या दारी जात नाही. ते आईच्या तोंडाकडे पाहते आणि बोलावे की नाही ते ठरवते.

तेव्हा आपण कुवेतात असू, इस्राएलात असू, नाहीतर ठाण्यात, दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पडदा घरातल्या माणसांच्या नजरेसमोर, बैठकीच्या खोलीत ठेवावा. आणि मूल काही सांगू लागले, तर पहिला शब्द रागाचा नसावा. "बरे केलेस सांगितलेस," एवढे म्हणून मग ऐकून घ्यावे. त्याने ऐकलेले ते दुसऱ्या दिवशी वर्गात मैत्रिणीलाही सांगेल: माझी आई रागावली नाही.